आवसेची मोटार

येसबा मिस्त्री गेल्याची बातमी मला सांगलीत आणून दिली ती त्यानंच बांधलेल्या मोटारीनं. म्हणजे तिच्या ड्रायव्हरनं. मी शाळेत पाचवीच्या वर्गाला चित्रात तांब्या काढायला शिकवत होतो, आणि चाळीस तांब्यांपैकी एकाचंही तोंड तांब्यासारखं येत नाही म्हणून वैतागलो होतो. दारात सातारा गाडीचा ड्रायव्हर टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, मिस्त्री गेले. परवा सकाळी. बाईंनी सांगितलंय, येत्या आवसंला येऊन जावा." मी विचारलं, "कुठं गेले?" तेवढ्यात मला उमगलं, आणि उमगूनही माझ्या तोंडून निघालं काय, तर "असे कसे गेले? त्यांचं उत्तर यायचं होतं..."

माणूस गेल्यावर आधी वाईट वाटावं अशी रीत आहे. मला आधी राग आला. आमचं भांडण अर्धं राहिलं होतं. सात-आठ वर्षं चाललेलं भांडण, आणि विषय काय, तर शंभर वर्षांनंतर मोटारी कशा दिसतील. ती मोटार दोघांपैकी एकालाही बघायला मिळणार नव्हती, आजची मोटार एकाच्याही दारात नव्हती, आणि तरी त्या नसलेल्या मोटारीवरून आम्ही असे हमरीतुमरीवर येत असू की शेजारचा लोहार भाता थांबवून ऐकत बसे. तोंडावर मी त्याला 'मिस्त्री, तुम्ही' म्हणायचो. मनात मात्र तो कायम 'तो हट्टी माणूस' होता. इथंही मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. त्याला पटत नसेल तर त्यानं भांडायला यावं.

साताऱ्यात नाक्याच्या खालच्या अंगाला त्याची पत्र्याची शेड. बाप टांगे बांधायचा. येसबा मोटारींची अंगं बांधायचा. कंपनीकडून येई ती नुसती चासी. चार चाकं, इंजिन, सुकाणू, आणि वर मोकळं आकाश. ड्रायव्हर एका खोक्यावर बसून, तोंडाला टॉवेल गुंडाळून ती पुण्याहून हाकत आणायचा. तिच्यावर सागवानी सांगाडा उभा करायचा, पत्रा ठोकायचा, बाकं बसवायची आणि तिची माणसांत बसण्याजोगी मोटार करायची, हे येसबाचं काम. यात तो कागद अजिबात वापरत नसे. शहाबादी फरशीवर खडूनं आखायचा, जेवढी गाडी तेवढंच चित्र. कारागीर त्या रेघेवर लाकूड ठेवायचे, खूण करायचे आणि कापायचे. "खडू बोलतोय, आपुन ऐकायचं," हा त्या शेडचा कायदा. फरशीवर जे आहे ते गाडीत येणार, फरशीवर नाही ते साक्षात गिऱ्हाइकानं सांगितलं तरी येणार नाही.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो शाळेसाठी चित्राचे फळे टेकवायच्या लाकडी घोड्या करून घ्यायला. नुकताच मुंबईहून ड्रॉइंगची परीक्षा देऊन साताऱ्याला मास्तर झालो होतो. लांबची वस्तू लहान दिसते हे ज्ञान तेव्हा अंगात नव्या कोऱ्या सदऱ्यासारखं टोचत होतं. फरशीवर बघतो तर एका लॉरीचं चित्र, आणि पुढचं चाक केवढं तर मागचं चाकही तेवढंच. मला राहवेना. येसबा चहाला गेला होता. मी चपला घालून त्या चित्रात शिरलो, पायानं मागचं चाक पुसलं आणि शास्त्राला धरून चार बोटं लहान काढून दिलं. हैबती म्हणून त्याचा मुख्य कारागीर होता, फार कमी बोलणारा. त्यानं माझ्याकडे बघितलं, खडूकडे बघितलं, मुकाट्यानं त्या रेघेवर चाकावरच्या कमानीची फळी ठेवली आणि कापली.

येसबा आला. चाकाच्या कमानीशी उकिडवा बसला. "मास्तर, ह्ये चाक का आटलं?"

"ते लांब आहे ना. लांबचं लहान दिसतं."

"दिसंना का. मला गाडी दाखवायची न्हाई, चालवायची हाय."

त्या वाया गेलेल्या फळीतून त्यानं माझी पहिली घोडी बनवली. तिचा एक पाय चार बोटं आखूड होता. मी तक्रार केली तर शांतपणे म्हणाला, "त्यो लांबचा पाय हाय." सहा वर्षं त्या पायाखाली मी पाटी सरकवून शिकवत होतो. असल्या माणसाशी मैत्री होते कशी, हे मला विचारू नका. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तिथं होतो.

आवसेला आमच्याकडचा सुतार हत्याराला हात लावत नाही. करवती, रंधे, पटाश्या पुसून भिंतीला टेकून ठेवतात आणि शेड बंद. बाकीचे लोक घरी झोपत. येसबाला करमायचं नाही. तो खडू घेऊन मोकळ्या फरशीवर बसायचा. मी म्हटलं, "मिस्त्री, आज चालतं का हे?" तर म्हणे, "खडू हत्यार न्हाई. खडूनं कुनाचं बोट कापलंय?" आणि मग जी गाडी कुणी सांगितलेली नाही, जिची चासी अजून कुठल्याही कंपनीत तयार झालेली नाही, ती शंभर वर्षांनंतरची मोटार तो काढत बसायचा. काढून झाली की कोपऱ्यात ताटलीएवढा एक गोल, नुसती रेघ, आत मोकळा. आज चंद्र नाही, त्याची जागा तेवढी राखलेली. त्या गोलाचा अर्थ सगळ्या शेडला ठाऊक होता: ही आवसेची आहे, हिला लाकूड लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती ओलं पोतं फिरवून ती पुसून टाकायचा. गोल असला तर पुसायचं, नसला तर बांधायचं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण इतकी सोपी गोष्ट माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला पुढं जमली नाही.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर. मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या जोडलेल्या. सकाळी कंडक्टर पंख्यानं वारा घालायचा तेव्हा कुठं तासाभरानं गाडी हलायची, आणि पसरणीच्या चढाला निम्मे उतारू खाली उतरून ढकलायचे. अशा दिवसांत आम्ही शंभर वर्षांपुढची भांडणं भांडत होतो. माझ्याकडे विलायती मासिकांतली चित्रं होती. मी त्याला माशासारख्या निमुळत्या, पाठीला पर फुटलेल्या मोटारी काढून दाखवायचो. "ताशी तीनशे मैल, मिस्त्री." तो विडी विझवून म्हणायचा, "एवढ्या घाईनं उंब्रजला जाऊन करायचं काय?" ज्यांनी उंब्रज पाहिलं आहे त्यांनी सांगावं.

आणि त्याच्या मोटारी? त्यांचं तर सांगायलाच नको. एका आवसेला त्यानं धुराची नळी पुढं आणून ड्रायव्हरच्या नाकाजवळ सोडली. "मागच्यास्नी तरास हुतोय त्यो मालकाला कळत न्हाई. म्होरं आना, म्हंजी आपसूक बंद हुईल." एका आवसेला भोंगाच काढून टाकला. का, तर शंभर वर्षांनी मोटार माणसाच्या मागनं गप चालेल. एकदा घाटात ज्यांना मळमळतं त्यांच्यासाठी वेगळी खिडकी, खाली पन्हळ जोडून. मला संताप यायचा. अहो, भविष्यकाळ म्हणजे काही चकाकी हवी, काही वेग हवा, अंगावर शहारा यावा. त्याच्या भविष्यकाळात जिकडं तिकडं नुसती माणसांची सोय.

पण सगळ्यांत माझं डोकं फिरायचं ते बसणाऱ्या मोटारीनं. दर दोन-तीन आवसांआड ती हटकून यायची. मोटार स्टँडवर थांबली की मागच्या अंगानं खाली बसते, माणसं आत जातात, मग उठते आणि चालू लागते.

"बैल बसतोय, म्हस बसती, उंट बसतोय. मोटारीनंच का उभं ऱ्हायाचं?"

"मिस्त्री, चाकावरची वस्तू बसणार कशी?"

"त्ये शंभर वर्सांत कुनीतरी शोधंल. मी फकस्त सांगून ठिवतोय."

येसबाच्या बायकोला मी सोनावहिनी म्हणायचो. त्या गुळाचा चहा घेऊन शेडच्या दारात यायच्या. त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. तरुणपणी विहिरीवर घागरीसकट घसरल्या, आणि वैदूनं बांधलेला पाय सरळ राहिला तो राहिलाच. मोटारीला तीन पायऱ्या, त्यातली पहिलीच गुडघ्याएवढी उंच. एकदा त्या वाईला थोरल्या बहिणीकडे निघाल्या होत्या, तर कंडक्टरनं काखेत हात घालून त्यांना पोत्यासारखं उचललं. सगळी मोटार बघत होती. वहिनी तशाच खाली उतरल्या, चालत घरी आल्या, आणि त्यानंतर मोटारीत म्हणून बसल्या नाहीत. नवरा मोटारी बांधणारा, अन् बायको मोटारीत न चढणारी. वाईला जायचं तर बैलगाडी. तिच्या मागच्या कडेला टेकून, पाय लांब ठेवून मागं सरकता येतं. पण तिला सबंध दिवस लागायचा आणि बैलही कुणाचे तरी मागावे लागायचे, म्हणून दोन-दोन वर्षं बहिणीची भेट होत नसे.

हे सगळं मला माहीत होतं. बसणारी मोटारही माहीत होती. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या आणि मधल्या दाराची कडी मला कधी दिसलीच नाही. वहिनी कप ठेवून दारातूनच फरशीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "मास्तर, ह्यास्नी सांगा की जरा, काय तरी कामाचं काढा म्हनावं." मी लगेच त्यांची बाजू घ्यायचो. "बघा, मिस्त्री. वहिनींनासुद्धा कळतंय." येसबा मान खाली घालून खडू ओढत राहायचा. मला वाटायचं, जिंकलो.

लढाई संपली, भट्ट्या निघाल्या, नव्या चासी यायला लागल्या. उंब्रजचे एक सुभेदार पेन्शनीत आले होते, त्यांनी उतारूंची मोटार सुरू करायची ठरवली आणि चासी येसबाच्या शेडमध्ये आणून लावली. अमुक दिवशी गाडी तयार, असा शब्द येसबानं दिला. त्यानं गाडीचा पुढचा अर्धा भाग फरशीवर आखला. मागचा अर्धा सांगलीहून आल्यावर आखणार होता. तिथल्या वखारीत साग बघायला त्याला चार दिवस जायचं होतं. मध्ये आवस आली. मागच्या भागाची फरशी मोकळी होती, तिथं, पुढच्या भागाला जोडूनच, त्यानं पुन्हा तीच, बसणारी काढली. गोल काढला, मला म्हणाला, "जरा नजर टाका," आणि घरी जेवायला गेला.

मी नजर टाकली. नुसती टाकून थांबलो असतो तर हा लेख इथंच संपला असता. मला वाटलं, या माणसाला एकदाच काय ते दाखवून देऊ की बसलेली मोटार किती हास्यास्पद दिसते. मी धोतर खोचलं आणि त्याच्या चित्रावर नीट, स्वच्छ रेघांनी सुधारून काढली: मागच्या चाकांच्या पाठीमागचा भाग असा उतरत खाली आणला की कुत्रं बसावं तशी मोटार बसलेली. दार अगदी तळाशी. थट्टा करायची तरी मास्तरकी सुटत नाही. म्हणून बाण काढून, सुवाच्य अक्षरात मापही घातलं: 'जमिनीपासून एक वीत.' मग चित्राच्या कोपऱ्यात एक गोल दिसला. कुणीतरी चहाची बशी ठेवल्याचा डाग असावा, अशी त्यावेळी माझी समजूत झाली. सात वर्षं तो गोल मी दर आवसेला पाहत होतो. स्वच्छतेच्या भरात मी तो रुमालानं पुसला.

येसबा पहाटेच्या गाडीनं सांगलीला गेला. हैबती कामावर आला. फरशीवर पुढचा भाग, मागचा भाग, माप, बाण. गोल नाही. खडू बोलत होता, हैबती ऐकत होता.

चौथ्या दिवशी येसबा आला तेव्हा मी शेडमध्येच होतो; समोर काय उभं राहिलंय ते मला तासाभरापूर्वीच कळलं होतं आणि पळून जायचं धैर्य झालं नव्हतं. सांगाडा पुरा झाला होता, पत्राही ठोकून झाला होता. मोटारीचं मागचं अंग खाली आलेलं, दार वीतभर उंचीवर. येसबानं पिशवी खाली ठेवली. आणि मी म्हणालो, "हैबतीनं परस्पर केलेलं दिसतंय."

येसबा त्या अक्षरांजवळ वाकला. "ही वीत कुनाची, मास्तर? हैबतीला लिवता येत न्हाई."

हैबतीनं तेव्हा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी सुभेदार आले. हात पाठीमागं बांधून मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "मिस्त्री, आमची गाडी सावधान पायजे. ही इश्रामात बी न्हाई. ही तर बसलीया."

"बसलीया खरी," येसबा म्हणाला. मला वाटलं आता माझी पाळी. पण त्याचा आवाज रागाचा नव्हता. तो त्या खालच्या दाराकडे बघत होता. "सुभेदार, मोडायची तर हायेच. शब्द दिलाय, दोन दिस जादा घीन पर उभी करून दीन. पर आदी एकडाव वाईपातुर चालवून बघू."

"मोडायची गाडी कशापायी चालवायची?"

"चालवू की."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं, जणू दोघांपैकी शहाणा कोण ते ठरवायला, आणि बहुधा उत्तर न मिळाल्यानं पुढं जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी. येसबा म्हणाला, मी मागं बसतो. वाईपर्यंतचा सगळा रस्ता मी सुभेदारांना पटवून देत होतो की चूक माझी नसून, तत्त्वतः, मोटारीच्या नाकाची आहे. नाक निमुळतं असतं तर मागचं अंग इतकं वाईट दिसलं नसतं. सुभेदार लष्करी सबुरीनं ऐकत होते. वाईला नदीच्या घाटाजवळ मोटार थांबली. मी खाली उतरून मागं आलो, तर सोनावहिनी रस्त्यावर उभ्या राहून पदर नीट करत होत्या.

"वहिनी, तुम्ही? कशा आलात?"

"मोटारीनं."

"ह्या?"

"मग काय तुमच्या तीनशे मैलवालीनं?"

"आणि चढलात कशा?"

"पायानं," त्या म्हणाल्या, आणि बहिणीच्या घराच्या दिशेनं चालू लागल्या. येसबा नदीकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं, बोल्टांचा विचार करत असेल.

परतीच्या वाटेवर एका ओढ्याच्या उतारात मोटारीचं ते खालचं अंग दगडाला लागलं आणि दाराखालची फळी बोल्टासकट उचकटली. सुभेदार उतरले, बघितलं आणि एवढंच म्हणाले, "उभी करा." दोन दिवसांत हैबतीनं मागचं अंग मोडून सरळ केलं. तीन पायऱ्या लागल्या. मोटार सावधान उभी राहिली आणि सुभेदार ती घेऊन उंब्रजला गेले. उचकटलेल्या फळीचं येसबानं शेडच्या दाराशी बाकडं केलं. आठ दिवसांनी वहिनी वाईहून परत आल्या. बैलगाडीनं. येसबा मला एका शब्दानं बोलला नाही, आणि मी असा मूर्ख की मला वाटलं, वाचलो.

पुढच्या वर्षी माझी नेमणूक सांगलीच्या शाळेत झाली. निघताना येसबानं पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. "खडूचं ऱ्हात न्हाई, मास्तर. ओलं पोतं फिरतंय. त्यी बसनारी कागदावर काढून द्या. शेडात लावतो. पुढं कोन मिस्त्री आला तर बघंल." मी कबूल केलं. तीन महिने खपलो. उत्तम कागद, पाण्याचे रंग, दोन्ही चाकं शास्त्राप्रमाणे लहान-मोठी, रंग असा की नख लावावंसं वाटू नये. आणि मोटार... उभी. तीन पायऱ्या, त्यांना पितळी कड. मला धीरच झाला नाही. चांगल्या कागदावर बसलेली मोटार काढली तर लोक मला काय म्हणतील, एवढाच माझा विचार. खाली झोकदार अक्षरात लिहिलं, 'शंभर वर्षांनंतरची मोटार', आणि ड्रायव्हरबरोबर धाडून दिलं. दोन दिवसांनी ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, तुमचं चित्र लावलंय मिस्त्रींनी. पाठीकडनं." येसबानं ते भिंतीकडे तोंड करून टांगलं होतं.

मग त्याचं कार्ड आलं. मोठमोठी, फळीवर खूण करावी तशी अक्षरं. 'मास्तरास नमस्कार. कागद पोचला. गाडी अजून उभी हाय. येत्या आवसंला येऊन बसवून जावा. तब्येत बरी न्हाई.' तब्येत बरी नाही हे लोक कार्डात लिहितातच, असं मी धरून चाललो. शिवाय परीक्षा जवळ, शिवाय पाठीकडून लावलेलं चित्र माझ्या मनात सलत होतं. मी उत्तरात एकच ओळ लिहिली आणि ती इतकी आवडली की पेटीत टाकण्याआधी शिक्षकांच्या खोलीत दोघांना वाचून दाखवली. ती ओळ अशी: 'मोटारीला गुडघे नसतात.'

तीन आठवड्यांनी ड्रायव्हर टोपी हातात घेऊन आला.

निरोपाप्रमाणे मी आवसेला साताऱ्याला गेलो. शेड बंद होती, पण दार लोटलेलं. हत्यारं पुसून भिंतीला लावलेली. हैबती कोपऱ्यात बसला होता; आवसेला तो कधी येत नसे. माझं चित्र अजून भिंतीकडेच तोंड करून होतं, आणि खरं सांगतो, मागून ते बरं दिसत होतं. सोनावहिनी दाराशी त्या बाकड्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. मी काहीतरी बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "बसा." मी बसल्यावर, "मास्तर, तुमचं कार्ड आलं तवा ह्ये लय हसले. मग माझ्याकडं बघिटलं आन गप झाले. मग पेन्सिल मागितली. काय लिव्हलं व्हतं वो त्यात?"

हैबतीनं चित्राच्या चौकटीमागून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मला वाटेल ते वाचून दाखवता आलं असतं. दोघांनाही अक्षर येत नव्हतं, आणि थापा मारण्यात मी काही कच्चा नाही. पण त्या बाकड्याच्या फळीवर वहिनी ज्या पद्धतीनं बसल्या होत्या ते समोर दिसत होतं, आणि इतक्या वर्षांनी त्या दोन खोल्यांमधलं दार आपोआप उघडलं. मी जे लिहिलं होतं ते वाचलं. तीनच शब्द, पण असे तीन शब्द वाचायला फार वेळ लागतो.

वहिनींनी आपल्या उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला. "खरं हाय की," म्हणाल्या.

मी मान वर करू शकलो नाही म्हणून कार्डाकडेच बघत राहिलो, आणि मग मला माझ्या ओळीखालचं पेन्सिलीचं चित्र दिसलं. एक गुडघा. माणसाचा नव्हे, मोटारीचा. दोन जाड लाकडं, मध्ये खुंटी, खुंटीला वाटी, मागच्या चाकाच्या वर चासीला जोडलेला. एकदा सरळ आणि एकदा वाकलेला. शेजारी मापं: एक हात, चार बोटं, आणि वाकल्यावर दाराची उंची जमिनीपासून किती, तर एक वीत. मी थट्टेनं घातलेलं माप त्यानं तसंच ठेवलं होतं.

वहिनींनी विचारलं, "काय हाय त्यात?" मी सांगत बसलो नाही. चपला बाहेर काढल्या, खडू मागितला. हैबतीनं दिला. मग मी फरशीवर गुडघे टेकून ती मोटार काढली, जेवढी मोटार तेवढी. दोन्ही चाकं सारखी काढली. मागचं अंग खाली, दार वीतभर, आणि कार्डावरचा गुडघा मापाला माप लावून. उभं आयुष्य चित्रकला शिकवली, पण आपलं काहीही न घालता काढलेलं माझं हे पहिलंच चित्र.

हैबती जवळ येऊन बघत उभा राहिला. हातात ओलं पोतं होतं. उद्या सकाळसाठी भिजवून ठेवलेलं.

"मास्तर," तो म्हणाला, "गोल ऱ्हायला."

मी कार्ड उचललं. पुढून बघितलं, मागून बघितलं, चारी कोपरे बघितले. मग तसंच त्याच्यापुढं धरलं. त्याला अक्षर येत नव्हतं, पण गोल ओळखता येत होता. त्यानंही चारी कोपरे बघितले. गोल कुठंच नव्हता.

"वहिनी," तो दाराकडे बघत म्हणाला, "उद्या तर आवस न्हाई न्हवं?"

"उद्या कशाची आवस?" वहिनी म्हणाल्या.

हैबतीनं ओलं पोतं परत नेऊन खिळ्याला अडकवलं.